किती पटींनी पाहावे?

कला हातात असते, असे आपण सगळेच सहज म्हणून जातो. चित्र आवडले की चित्रकाराच्या हाताचे कौतुक करतो, भाजी रुचकर झाली की सुगरणीच्या हाताचे. मीही पुष्कळ वर्षे हेच म्हणत आलो. पण सोन्याचांदीवर अक्षरे कोरण्यात सारे आयुष्य घालवल्यावर माझे मत आता असे बनले आहे, की कला बरीचशी मानेत असते. मान अवघडली की खांदा आखडतो, खांदा आखडला की बोटे रुसतात, आणि बोटे रुसली की कोरणी कितीही धारदार असो, तिच्यातून अक्षर निघत नाही, ओरखडा निघतो. हे वाचून कोणाला हसू येईल. पण एका अंगठीवर दोन-दोन तास वाकून ज्यांनी काढले आहेत, त्यांना ते येणार नाही.

धंदा तसा लहानसा आहे. अंगठीच्या तोंडावर ‘श्री’ काढायचा, कुंकवाच्या करंड्यावर वेल सोडायची, अत्तरदाणीवर आद्याक्षरे घालायची. भांड्याच्या दुकानात तांब्यावर नाव घालून देतात, ते काम निराळे. तिथे छिन्नीवर हातोडी टकटक पडते आणि ठिपक्यांची ओळ उमटते. आमच्या कामात कोरणीची मूठ तळहाताच्या गादीत बसते, तिचे पोलादी टोक धातूत शिरते आणि पुढे सरकताना केसासारखा कुरळा कीस बाहेर काढते. ‘श्री’ असतो फार तर आठ मिलिमीटर उंच. तेवढ्यात श-काराचा डौल, रकाराची तिरपी रेघ, वेलांटीचे वळण आणि वरची शिरोरेषा, एवढा सगळा संसार थाटायचा. रेघ केसाच्या जाडीने चुकली, तर पाहणाऱ्याला काय चुकले ते सांगता येत नाही. पण काहीतरी चुकले आहे, हे कळते.

शिकायला येणारा प्रत्येक तरुण मला पहिला प्रश्न विचारतो, ‘भिंग किती पटीचं घेऊ?’ मी म्हणतो, ‘आधी बैस.’ तो बुचकळ्यात पडतो, पण बसतो. पाय जमिनीला टेकलेले, पाठ सरळ, खांदे सैल, कोपरे अंगालगत. असे बसल्यावर दोन्ही हात सहजपणे जिथे एकत्र येतात, तिथे काम यायला हवे. अंगठी ज्या गोल बॉल वाइसमध्ये पकडायची, ती स्वतःच बारा-पंधरा सेंटिमीटर उंच असते; म्हणून टेबल तेवढे खाली हवे, किंवा खुर्ची तेवढी वर हवी. हे जमले की मी सुतळीचा एक तुकडा घेतो आणि त्याच्या डोळ्यापासून कामापर्यंतचे अंतर मोजतो. बहुधा ते ३५-४० सेंटिमीटर भरते. मग म्हणतो, ‘आता भिंगाचं बोलू. ही सुतळी खिशात ठेव आणि दुकानात घेऊन जा.’

कारण पट आणि अंतर ही सख्खी भावंडे आहेत. एक वाढले की दुसरे घटते. साध्या भिंगाचा हिशेब अगदी सोपा आहे. निरोगी डोळ्याचे जवळून पाहण्याचे सोयीचे अंतर २५ सेंटिमीटर धरतात. त्याला भिंगाच्या नाभीय अंतराने भागले, की किती पट मोठे दिसेल ते कळते. म्हणजे १० पटीचे भिंग कामापासून फक्त अडीच सेंटिमीटरवर धरावे लागते. हिऱ्यातला दोष १० पटीखाली पाहण्याचा रिवाज जगभर आहे, आणि पारख करणाऱ्याला ते ठीकच आहे. त्याला नुसते पाहायचे असते. मला तिथे कोरणी घालायची असते, दोन हात घालायचे असतात. अडीच सेंटिमीटरच्या फटीत माझ्या नाकालासुद्धा जागा पुरत नाही! घड्याळजी डोळ्याच्या खोबणीत जे भिंग बसवतात, ते कमी पटीचे म्हणून थोडे लांबून चालते; पण ते एकाच डोळ्याचे. एका डोळ्याला लांबी-रुंदी दिसते, खोली नीट उमगत नाही. आणि कोरीवकाम म्हणजे तर खोलीचाच कारभार.

हा सारा हिशेब शाळेतल्या मुलालाही जमण्याजोगा आहे. तो आमच्या घरी वेळेवर कोणी केला असता, तर एका माणसाच्या आयुष्याची वीस वर्षे निराळी गेली असती.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, कोल्हापूरच्या गुजरीत एका पेढीचे कोरीवकाम करीत. बैठक जमिनीवर, मांडी घातलेली. पुढे लाकडी ठोकळा, त्यावर लाखेत बसवलेली अंगठी. भिंग त्यांनी कधी वापरले नाही. काम ऐन रंगात आले की ते इतके वाकत, की ते अंगठीचा वास घेताहेत असे वाटावे. तरुण डोळ्याला हे जमते. विसाव्या वर्षी माणसाला दहाएक सेंटिमीटरवरचेही स्वच्छ दिसते. आणि बारा सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे पंचवीसच्या मानाने दुप्पट मोठे पाहणेच झाले. देवाने दिलेले दोन पटीचे भिंग त्यांच्या डोळ्यातच होते. ते आपल्यापाशी आहे हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून ते केव्हा गेले हेही कळले नाही. डोळ्यातल्या भिंगाचा लवचिकपणा वयाबरोबर कमी होत जातो, आणि पन्नाशीच्या सुमारास बहुतेकांना ४० सेंटिमीटरच्या अलीकडचे धूसर दिसू लागते. या दुखण्यावरच्या चष्म्याला आपल्या भाषेने ‘चाळिशी’ असे सरळ नाव देऊन टाकले आहे.

१९६८ साली आबा सेहेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी बाजारातून चाळिशी आणली. ती लावून ते पोथी झरझर वाचत, वर्तमानपत्र वाचत. पण कोरायला बसले, की वेलांटी धुरात गेल्यासारखी होई. ते सवयीने आणखी वाकत, आणि जितके वाकत तितके अंधुक होई. चष्मा पोथीच्या अंतराचा होता. तो पोथीच्या अंतरावरून दाखवायचे ते इमानाने दाखवत होता. अंगठीच्या अंतराचे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आबांनी मात्र निराळाच निष्कर्ष काढला. एके दिवशी त्यांनी सगळ्या कोरण्या तेलाने पुसल्या, लाल फडक्यात गुंडाळल्या, फळीवर ठेवल्या आणि आईला म्हणाले, ‘हातातलं गेलं.’ पुढची वीस वर्षे ते त्याच पेढीवर वजनकाट्यापाशी बसले. मला त्यांनी ही विद्या शिकवली, पण सगळी तोंडाने. मी चुकलो, की त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला जाई आणि परत मांडीवर येई. माझ्या हातातली कोरणी त्यांनी कधी घेतली नाही. १९९१ मध्ये ते गेले.

२००१ साली मी सेहेचाळीस वर्षांचा झालो, आणि माझ्याही वेलांटीवर धूर बसला. त्या दिवसांत मी फळीवरच्या त्या फडक्याकडे पाहायचे टाळीत असे. शेवटी मिरजेच्या एका नेत्रवैद्यांकडे गेलो. त्यांनी तक्त्यावरची अक्षरे वाचून घेतली आणि मग सहज विचारले, ‘काम किती अंतरावरून करता?’ मी पंजा डोळ्यापुढे धरून दाखवला. ते म्हणाले, ‘मग त्या अंतराचंच भिंग पाहिजे. वाचायचा चष्मा तिथं काय करणार?’ एवढेच. घरी येताना एस. टी. च्या खिडकीतून शिवार सरकत होते आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होते, की हा प्रश्न १९६८ मध्ये कोणीतरी विचारायला हवा होता.

त्यानंतर मी डोक्याला पट्ट्याने बांधायचे दोन डोळ्यांचे भिंग आणले. ऑप्टिव्हायझर नावाने ते पुष्कळांना माहीत आहे. आमच्या मंडळींनी ते पाहताच विचारले, ‘अहो, हे घोड्याचं झापड कशाला लावलंत?’ दिसते खरे तसे. पण दोन्ही डोळे उघडे राहतात, खोली दिसते, आणि झटकन वर सरकवून चहाही पिता येतो. त्यात वेगवेगळ्या काचा मिळतात: २ पटीची १० इंचांवर चालते, अडीच पटीची ८ इंचांवर, साडेतीन पटीची ४ इंचांवर. नवा माणूस यातली शेवटची उचलतो, कारण आकडा मोठा. पण तोच हिशेब उलटा मांडून पाहा: पट पावणेदोन पटीने वाढली, आणि मान सहा इंच खाली गेली. मी दोन आणि अडीचवर थांबलो. मान खाली नेण्याऐवजी कामच वर आणले. सोनाराचे विलायती टेबल छातीइतके उंच असते, ते उगाच नव्हे. त्यांनी अंगठीला डोळ्याकडे बोलावले, डोळ्याला अंगठीकडे पाठवले नाही. दोन पटीची काच लावून पहिली रेघ ओढली तेव्हा माझ्या ध्यानात आले, की मला नवे काहीच मिळालेले नाही. विसाव्या वर्षीचा डोळा तेवढा परत मिळाला आहे.

यापुढची पायरी म्हणजे दोन डोळ्यांचा सूक्ष्मदर्शक. दोन्ही डोळ्यांना निरनिराळ्या कोनांतून दाखवून खोली उभी करणारे हे यंत्र होरेशियो ग्रीनो या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून जर्मनीच्या झाइस कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्रथम बनवले. ते किडामुंग्यांची चिरफाड करणाऱ्यांसाठी होते. कोरीवकामाला ते फार उशिरा आले. त्याचा सर्वांत मोठा गुण पट हा नाही. त्यात माणूस समोर पाहतो, आणि हात खाली आपले काम करीत राहतात. पाठ सरळ, मान किंचित झुकलेली. आयुष्यात प्रथमच मी पंडितासारखा ताठ बसून कोरू लागलो.

माझा भाचा तेव्हा माझ्यापाशी शिकत होता. यंत्र ७ पटीपासून ४५ पटीपर्यंत जाते, हे वाचून तो हरखला. ‘मामा, पंचेचाळीस आहे तर पंचेचाळीसच लावू की!’ मी म्हटले, ‘लाव.’ त्याने डोळे टेकले, अंगठी इकडेतिकडे सरकवली, आणि जरा वेळाने घाबऱ्या आवाजात म्हणाला, ‘मामा, श्री कुठं गेला?’ श्री कुठेही गेला नव्हता. भाचाच त्याच्या पोटात शिरला होता. आमच्या यंत्रात २०० ला पटीने भागले, की किती मिलिमीटर रुंदीचे दिसेल ते निघते. १० पटीला २० मिलिमीटर, म्हणजे सगळी अंगठी. २० पटीला १०. आणि ४५ पटीला साडेचार. म्हणजे अर्धा श्री, तोही कुठला अर्धा ते ओळखता येत नाही. पट वाढली की स्पष्ट दिसणारा थरही पातळ होत जातो. अंगठीचे तोंड थोडेसे फुगीर असले, की मधले स्वच्छ आणि कडेचे धुक्यात. शिवाय या यंत्राची नळी आणि काम यांत दहाच सेंटिमीटर मोकळी जागा होती. खाली अर्ध्या पटीची जोडकाच लावली, तेव्हा पल्ला साडेतीन ते साडेबावीसवर उतरला आणि मोकळी जागा सोळा सेंटिमीटरच्या घरात गेली. पट अर्धी झाली म्हणून भाचा हळहळला. मला मात्र कोरणीसकट मूठ फिरवायला अंगण मिळाले.

या अंगणात एक शिस्त पाळावी लागते. हात स्थिर, काम फिरते. वळण काढताना उजवा हात कोरणी नुसती धरून असतो; डावा हात वाइस फिरवून धातू कोरणीच्या तोंडात देतो. जुने लोक याचसाठी वाळूने भरलेली चामड्याची उशी कामाखाली ठेवीत. सूक्ष्मदर्शकाखाली अडचण अशी, की काम फिरता फिरता नजरेबाहेर निघून जाते. म्हणून वाइसखाली फिरती चकती हवी, आणि कोरायची जागा तिच्या बरोबर मध्यावर हवी. मग जाते फिरावे तसे काम जागच्या जागी फिरते.

उजेडाचेही असेच. नव्याला वाटते, जितका लख्ख तितका बरा. पण घासून चकचकीत केलेले सोने आरशासारखे असते. उघडा दिवा त्यात जसाच्या तसा दिसतो आणि रेघ झाकून टाकतो. युरोपातले जुने कारागीर दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवून उजेड गोळा करीत आणि सौम्य करीत. आमच्याकडे उत्तरेची खिडकी होती. आता एलईडीचा दिवा आहे. पण त्यापुढे मी साधा ट्रेसिंग पेपर लावतो. उजेड दुधासारखा पसरला पाहिजे, आणि थोडा बाजूने आला पाहिजे, म्हणजे रेघेचा एक काठ उजळतो, दुसरा सावलीत राहतो आणि खोली वाचता येते. आणि अधूनमधून उठून समोरच्या लिंबाच्या शेंड्याकडे पाहायचे. डोळ्यालाही पाय मोकळे करावेसे वाटतात.

यंत्रे नव्हती तेव्हा कामे झाली नाहीत, असे मुळीच नाही. पेशवाईच्या उतरत्या काळात तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्याची विद्या शिकलेल्या कारागिराकडून मिरजेच्या गंगाधरराव गोविंद पटवर्धनांनी भगवद्गीता कोरवून घेतली, आणि १८०५ मध्ये ती छापली गेली. छापायचे म्हणून प्रत्येक अक्षर उलटे कोरायचे, सातशे श्लोकांचे! मोर्तबाच्या इवल्याशा शिक्क्यांतली अक्षरेही अशीच उलटी. या कामांपुढे मी मनोमन वाकतो. पण वाकता वाकता एक विचार येतोच: त्या पिढ्यांतल्या किती जणांनी चाळिशी उलटल्यावर कोरण्या फडक्यात गुंडाळल्या असतील आणि हातातलं गेलं असे म्हटले असेल?

सूक्ष्मदर्शक आल्यावर काही महिन्यांनी आत्या घरी आली होती. तिच्या बोटात आबांनी केलेली अंगठी होती, १९६७ सालची. म्हणजे त्यांच्या शेवटच्या कामांपैकी. मी ती मागून घेतली आणि १० पटीखाली धरली. कोरणीची प्रत्येक चाल तिथे शाबूत होती. हात कापला असेल, तर रेघेच्या काठाला करवतीसारखे दाते पडतात. एकही दाता नव्हता. खोली पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी, उतार गुळगुळीत, काठ अजून चकाकणारे. फक्त वेलांटी जिथे शिरोरेषेला मिळायची, तिथे ती केसभर अलीकडे थांबली होती. आणि रकाराची रेघ केसभर पुढे गेली होती. हात जायला तयार होता. कुठे जायचे, ते डोळ्याने त्याला सांगितले नव्हते. ‘एवढं काय बघतोस रे?’ आत्याने विचारले. ‘काही नाही,’ मी म्हटले, ‘हात चांगला होता आबांचा.’ ‘मग? नव्हता होय?’ ती म्हणाली, आणि अंगठी बोटात घालून चहा प्यायला स्वयंपाकघरात गेली. मी मात्र बराच वेळ तसाच बसून होतो. ज्याला सांगायचे, तो माणूस नव्हता.

मग मी हूड झालो आणि तीच अंगठी पुन्हा मागून २० पटीखाली घातली. तिथे आबांचा तो सुंदर श्री नांगरलेल्या शेतासारखा दिसू लागला. यात आबांचा दोष नाही. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’त सुईचे टोक, वस्तऱ्याची धार आणि छापील पूर्णविराम यंत्राखाली पाहून लिहून ठेवले आहे. टोक बोथट निघाले, धार खडबडीत निघाली आणि पूर्णविराम म्हणजे वेडावाकडा डाग निघाला. पुरेशा पटींनी पाहिले, तर जगात सुबक असे काही उरतच नाही. म्हणून माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. कोरायचे सहा ते दहा पटीत. कोरणीचे टोक तुटले आहे का ते पाहायला आणि दोन रेघांचा सांधा जुळवायला पंधरा-वीसपर्यंत जायचे, आणि काम होताच खाली यायचे. जे हाताला दुरुस्त करता येते तेवढेच पाहावे. त्याहून अधिक पाहिले, की कारागिराचा परीक्षक होतो, आणि परीक्षकाच्या हातून आजवर अंगठी झालेली नाही.

चाळिशीच्या आसपासचा कोणी माझ्याकडे येऊन ‘आता हात पूर्वीसारखा चालत नाही’ म्हणाला, तर मी त्याला हाताबद्दल काही विचारीत नाही. खुर्चीवर बसवतो, आणि खिशातून सुतळी काढतो. दहांतल्या आठांचा हात ठणठणीत असतो.

सध्या गर्दीचे दिवस आहेत. पाडव्याला ओवाळणीत घालायच्या अंगठ्या चार दिवसांत द्यायच्या आहेत. प्रत्येक अंगठी झाली की मी यंत्रावरून उठतो, ती करंगळीत अडकवतो आणि ओटीवर जाऊन हात लांब करून पाहतो. कारण ती जिच्यासाठी आहे, ती काही भिंग लावून बसणार नाही. निरांजनाच्या उजेडात, हातभर अंतरावरून, तबकात पडताना तिला ती क्षणभर दिसणार आहे. तेवढ्या अंतरावरून श्री नीट वाचता आला, तर मी ती डबीत ठेवतो आणि पुढची वाइसमध्ये बसवतो.